डावा कल्ला

तिला सगळे कात्री म्हणायचे. हातात कायम कात्री असते म्हणून, असं ती सांगायची. जीभही तशीच चालते म्हणून, असं बाकीचे सांगायचे. दोन्ही खरं होतं.

पलटणीत तिचं काम वायरलेसचं. गस्तीला निघताना पाठीवर संच, कानाला हेडफोन आणि तोंडानं सतत काहीतरी पुटपुटणं. पण गस्त नसली की दिवसभर करायचं काय, हा सैनिकाच्या आयुष्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न असतो. लोकांना वाटतं, सैनिक म्हणजे उठता बसता गोळ्या झाडत असतो. कसलं काय! सैनिक वाट बघत असतो. बूट पुसून झाले, बंदूक साफ करून झाली, घरच्यांचे फोटो बघून झाले, शेजारच्या खाटेवरच्याच्या घरच्यांचेही फोटो बघून झाले, पत्त्यांचे कोपरे झिजून गेले, तरी दुपार जागची हलत नाही. आणि रिकामं डोकं नको नको ते बघायला लागतं. अशाच एका दुपारी तिनं पेटीतून कात्री काढली आणि म्हणाली, "या रे, कोणाचं जंगल वाढलंय?"

त्यांचा तळ एका बंद पडलेल्या बस डेपोत होता. प्रवाशांच्या हॉलमध्ये खाटा, पार्सलच्या खोलीत दारूगोळा, आणि चौकशीच्या खिडकीमागे साहेबांचं ऑफिस. डेपोच्या वर्कशॉपमध्ये एक सांगाडा झालेली बस उभी होती. कात्रीनं पाना घेऊन तिची ड्रायव्हरची सीट उचकटली, पत्र्याच्या सावलीत मांडली, आणि बसचाच लांबट आरसा खांबाला तारेनं बांधला. त्या आरशात कोणाचंही तोंड दुधी भोपळ्यासारखं दिसायचं. कोणी कुरकुर केली की ती म्हणायची, "आरशाला नावं ठेवू नकोस, त्यानं आहे तेच दाखवलंय."

केस कापणं तिच्या घरातलंच होतं. वडिलांचं दुकान होतं, आणि लहानपणापासून दुकानाच्या मागच्या दारात उभी राहून तिनं सगळं डोळ्यांनी शिकून घेतलं होतं. हात भावापेक्षा सरस. पण दुकान भावाला मिळालं. वडील म्हणाले, "खुर्चीमागे बाई उभी राहिली तर गिऱ्हाईक पळून जाईल." भाऊ गप्प बसला, त्याला गप्प बसण्यातच फायदा होता. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी घरातल्या घरात कळलं. तिनं पेटी भरली, त्यात वडिलांची एक जुनी कात्री न विचारता टाकली आणि फौजेत भरती झाली. आता आईचा फोन आला की आई विचारायची, "काय करतेस गं दिवसभर?"

"केस कापते."

"अगं, त्यासाठी एवढ्या लांब गेलीस?" आई हसत सुटायची, आणि हसता हसता तिचा आवाज ओला व्हायचा. कात्री मग घाईनं फोन ठेवून द्यायची.

फौजेतही कोणी तिला पायघड्या घातल्या नव्हत्या. बाई आहे, आत बसून संच सांभाळेल, गस्तीला कशाला, असं सगळ्यांचं मत होतं. ती भांडली. आधीच्या साहेबांच्या डोक्याशी इतकी कटकट केली की शेवटी ते म्हणाले, "जा बाई, जा, पण माझं डोकं सोड." गस्तीच्या गाडीतली मागच्या बाकावरची जागा तिनं अशी मिळवली होती. त्या जागेसाठी ती कोणाशीही पुन्हा भांडायला तयार होती.

आणि आता कल्ल्याची गोष्ट.

गस्तीची गाडी चालवायचे त्यांना सगळे काका म्हणत. पलटणीतले सगळ्यांत जुने, पोट सुटलेले, आणि बोलायला लागले की स्टेअरिंग सोडून दोन्ही हातांनी बोलणारे. एकदा ते खुर्चीत बसलेले, उजवी बाजू झालेली, डाव्या कानापुढचा कल्ला कापायचा राहिलेला, आणि भोंगा वाजला. काका गळ्यातलं फडकं तसंच फेकून धावले. त्या दिवशी गाडीवर समोरून मारा झाला, काचांचा चुरा झाला, टायर गेले, पण काकांनी नुसत्या रिमवर गाडी हाकत सगळ्यांना परत आणलं. उतरले ते तडक खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "आधी माझा डावा कल्ला काप. एका बाजूनं चोर दिसतोय मी."

तेव्हापासून रीतच पडली. गस्तीला जाणाऱ्याचे केस कात्री कापायची, मान, माथा, उजवी बाजू, सगळं नीट. डावा कल्ला मात्र ठेवायची. परत आला की खुर्चीत बसायचं, आणि मग कल्ला उतरायचा. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी हुकूम काढला नव्हता. पण कल्ला न ठेवता गाडीत बसायला कोणी धजेना. खुद्द कात्रीचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "कल्ल्यानं गोळी अडते होय रे? मग चिलखतं कशाला घालता, दाढ्याच वाढवा की!" असं ती तोंडावर सांगायची. सांगायची आणि कल्ला ठेवायची.

मग साहेब बदलले. नवे साहेब वयानं लहान, हुशार, आणि कपड्यांच्या घड्या अशा की बोट लावलं तर कापेल. पहिल्याच दिवशी त्यांचं नाव इस्त्री पडलं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की कोणीतरी दुष्ट हवाच होता. इस्त्रीसाहेब जवानांबरोबर जेवायचे, स्वतः गस्तीला जायचे, मागे राहून हुकूम सोडणाऱ्यांतले नव्हते. पण वाकडं काही दिसलं की त्यांना चैन पडायची नाही. आणि एका सकाळी रांगेत उभे असलेले झाडून सगळे जवान त्यांना एका बाजूनं वाकडे दिसले.

त्यांनी चौकशी केली. दुपारी ते वर्कशॉपमध्ये आले तेव्हा खुर्चीत लंबू बसला होता. हा मशीनगनवाला, इतका उंच की त्याचे केस कापताना कात्री त्याला सीटवरून खाली घसरून बसायला लावायची.

"उद्या सकाळी गस्त आहे," इस्त्रीसाहेब म्हणाले. "सगळ्यांचे दोन्ही कल्ले सारखे दिसले पाहिजेत."

"परत आले की सारखे करते, साहेब."

"जायच्या आधी. तुमचा विश्वास आहे या प्रकारावर?"

"अजिबात नाही."

"मग अडचण काय आहे?" साहेब जरा जवळ आले. आवाज चढवला नाही त्यांनी. "हे बघा, उद्या एखाद्याचा कल्ला चुकून कापला गेला, तर तो गाडीतच अर्धा मेलेला असेल. माणसाचा जीव असा केसात अडकलेला मला नकोय."

बोलणं बिनतोड होतं. कात्रीलाही ते पटलं, आणि पटलं म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"विश्वासाचं नाहीच हे, साहेब. शब्दाचं आहे. इथून उठताना प्रत्येक जण मला सांगून जातो, उरलेलं परत आल्यावर. दिवसभर हुकूम ऐकतात, कुठे जायचं, कधी जायचं, कधी परतायचं, सगळं दुसरं कोणीतरी ठरवतं. परत येणार हे एवढंच ते स्वतःच्या तोंडानं बोलतात. ते मी त्यांच्या तोंडून काढून घेणार नाही."

"मी हुकूम देतोय."

"वायरलेसचा द्या, आत्ता संच उचलते. केस कापायचं काम मला फौजेनं दिलेलं नाही. माझ्या मोकळ्या वेळात, माझ्या वडिलांच्या कात्रीनं मी काय कापायचं, ते मी ठरवणार."

लंबू खुर्चीत आणखी चार बोटं खाली घसरला. साहेबांनी हात पुढे केला. "कात्री जमा करा. आणि उद्या तुम्ही गस्तीला जाणार नाही. इथल्या संचावर बसायचं. पुढेही, मी सांगेन तोपर्यंत."

ज्या जागेसाठी ती एवढी भांडली, ती जागा अशी एका वाक्यात गेली. एक कल्ला कापला असता तर वाचली असती, हे तिला कळत होतं. तिनं कात्री पुसली, डबीत घातली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. "धार सांभाळा," एवढंच म्हणाली.

तिला वाटलं होतं, आता अख्खी पलटण पेटून उठेल. कसली पेटतेय! सकाळी हवालदार केस कापायचं मशीन घेऊन उभा राहिला आणि एकेक जण मूग गिळून त्याच्यासमोर बसला. घर्र घर्र, डावे कल्ले खाली पडले. लंबूनं तर तिच्याकडे बघायला नको म्हणून डोळेच मिटून घेतले. कात्री दारात हाताची घडी घालून उभी होती.

"शेपूट पण कापून घ्या रे," ती म्हणाली. "नाहीतरी घालूनच बसलाय."

काकांची पाळी आली. काका हवालदारासमोर बसलेच नाहीत. साहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, गाडी मी हातांनी चालवतो, कल्ल्यानं नाही. ही पोरगी कापेल परत आल्यावर. मशीननं मला पुरळ येतं."

पुरळ वगैरे काही येत नव्हतं, ते साहेबांनाही कळलं. पण कोरड्या नदीतून जाणारी वाट काकांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती, आणि निघायची वेळ झाली होती. साहेब मानेनंच चला म्हणाले. काकांनी गाडीत चढता चढता कात्रीला डोळा मारला. "बस आज पंख्याखाली, फुकटचा पगार खा."

"तुम्ही स्टेअरिंग धरून बोला आज," ती म्हणाली.

दुपारी बातमी आली, ती तिच्याच कानात आली. तिच्या जागी गेलेल्या वायरलेसवाल्याचा आवाज आधी नीट, मग नुसता श्वास, मग पुन्हा आवाज. गाडीखाली स्फोट झाला होता. ड्रायव्हरच्या बाजूनं. त्याच्या स्वतःच्या हाताला लागलं होतं, आणखी दोघांना किरकोळ. आणि काका? त्यानं सांगितलं. कात्रीनं ठिकाण विचारलं, परत म्हणून दाखवलं, मदतीची गाडी पाठवली, जखमींची माहिती वरच्या तळाला कळवली. आवाज एकदाही हलला नाही. सगळं झाल्यावर तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिली.

संध्याकाळच्या आत सगळे परतले. काकांना डेपोच्या सामानघरात ठेवलं. धुळीचं वादळ होतं, हेलिकॉप्टर सकाळी येणार होतं. कंपाउंडरनं चेहरा पुसून स्वच्छ केला होता. चेहऱ्याला काही म्हणता काही झालं नव्हतं. डावा कल्ला होता तसाच होता, धूळ बसून पांढरा झालेला.

बाहेर सगळे भिंतीला टेकून बसले होते. कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलू नये तेच लंबू बोलला. "आमचे सगळ्यांचे कापले होते, आम्ही आलो. ज्यानं ठेवला, तोच गेला."

सगळ्यांना वाटलं, आता कात्री त्याला उभा चिरेल. ती मात्र उठली आणि चौकशीच्या खिडकीकडे गेली.

इस्त्रीसाहेब आत बसले होते. कपड्यांची घडी कुठल्या कुठे गेली होती, भुवईवर पट्टी होती, आणि बाहीवर डाग होता तो त्यांचा स्वतःचा नव्हता. गाडीत ते काकांच्या मागेच बसले होते.

"माझी कात्री द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"काकांचा कल्ला कापायचाय."

साहेबांनी मान वर केली. "आता? काय उपयोग झाला हो त्या कल्ल्याचा? बघितलंत ना तुम्ही?"

"उपयोगासाठी ठेवलाच नव्हता. परत आले की कापायचा, एवढंच ठरलं होतं. ते परत आलेत."

साहेबांनी बाहीवरचा डाग मुठीत झाकला. मग म्हणाले, "वरून तपासणी व्हायची आहे. तोपर्यंत त्यांना हात लावायची परवानगी नाही. मला नियम मोडता येणार नाही."

"तुम्ही नका मोडू. मी मोडते. माझ्यावर लिहा."

ती तशीच वळली. कंपाउंडरच्या ट्रेमधून पट्ट्या कापायची कात्री उचलली, वाकड्या तोंडाची, बोथट. कंपाउंडर म्हणाला, "ताई, अहो, माझी नोकरी..." ती म्हणाली, "चोरीला गेली म्हणून सांग." मग तांब्याभर पाणी घेतलं आणि सामानघरात गेली.

नेहमीसारखं तिनं गळ्याभोवती फडकं लावलं. कल्ला ओला केला, कंगवा फिरवला. धूळ निघाली आणि खालून करडे केस वर आले. काका खुर्चीत बसले की गोष्टी सांगता सांगता इतके हलायचे की ती डोक्यावर टपली मारायची, "गप बसा काका, कान कापला जाईल." आज ते हलत नव्हते आणि तिला तेच सोसेना. ती रडत होती, लपवत नव्हती, नाक बाहीला पुसत होती आणि कापत होती. त्या भिकार कात्रीनं एकेक केस धरून कापावा लागत होता.

दारात साहेब येऊन उभे राहिले. "थांबा. मी हुकूम देतोय."

"होत आलंय," ती म्हणाली. मान वर केली नाही, हात थांबवला नाही.

साहेब पुढे आले नाहीत. गेलेही नाहीत. तिनं दोन्ही बाजू बोटांनी मोजून सारख्या आहेत की नाही ते पाहिलं, एक उभा केस राहिला होता तो काढला, कानामागचे बारीक केस फुंकरीनं उडवले आणि फडकं झटकलं.

"झालं, काका," ती म्हणाली. "उठा."

हे ती सगळ्यांनाच म्हणायची, सवयीनं तोंडातून गेलं. मग मात्र तिला उभं राहवेना; ती तिथेच जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडली. कोणाला ऐकू जातंय याची तिनं पर्वा केली नाही.

साहेबांनी तिच्यावर लिहिलं. हुकूम मोडला, असं स्पष्ट लिहिलं, आणि तिची रजा कापली गेली. कागद समोर आला तेव्हा तिनं एक अक्षरही न वाचता सही ठोकली, तीसुद्धा ऐसपैस. वडिलांची कात्री त्यांनी परत दिली नाही. गस्तीची जागा मात्र परत मिळाली, कारण दुसरा वायरलेसवाला हात गळ्यात बांधून बसला होता. अशी जागा तिला नको होती, पण मिळाली ती तिनं सोडलीही नाही.

पुढच्या गस्तीच्या आदल्या दुपारी ती वर्कशॉपमध्ये गेली. सीटवरची धूळ झटकली, आरसा पुसला आणि कंपाउंडरची वाकडी कात्री दगडावर घासत बसली. दोन दुपारी घासून तिला जराशी धार आली होती. एकेक जण लांबून बघत होता, पण पुढे कोणी येईना. मशीनपुढे माना झुकवल्याची लाज होती, आणि काकांचा कल्ला सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. आता कसलं ठेवायचं आणि कशासाठी?

शेवटी लंबूच आला. खुर्चीत बसला आणि न सांगता खाली घसरला.

"कात्रीताई, त्या दिवशी मी जे बोललो..."

"बोललास. गाढव आहेस, म्हणून बोललास. पुढे?"

"पुढे काही नाही. केस काप."

"डावा कल्ला घालवून बसलायस. तो उगवेपर्यंत मानेवरचे केस ठेवते."

"ठेव." मग आरशातून तिच्याकडे बघत हळूच म्हणाला, "पण ताई, आता याचा अर्थ काय राहिला? काकांनी ठेवला होता, आणि काका..."

चौकशीच्या खिडकीची झडप उघडी होती. साहेब आत बसलेले होते. कात्रीनं एकदा तिकडे पाहिलं, आणि मुद्दाम सगळ्या डेपोला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"काका काय? काका आले नाहीत? आले! शब्द दिला होता तसे आले, आणि मी माझं काम पुरं केलं. तुम्हीही यायचं. चालत या, लंगडत या, कोणाच्या पाठीवरून या, नाहीतर काकांसारखे या. ज्याला जसं जमेल तसं यायचं, पण यायचं. मी उरलेलं कापणार. मला कोण अडवतं ते बघते."

झडप बंद झाली नाही. पत्र्याच्या सावलीत एकामागून एक माणसं येऊन उभी राहू लागली. कात्रीनं लंबूच्या गळ्याभोवती फडकं आवळलं.

"हलू नकोस," ती म्हणाली, आणि कापायला लागली.